एनएलऑप्ट: बसवण्यापासून भरवशाचं उत्तर मिळेपर्यंत

एक लिटर तेल मावेल असा गोल पत्र्याचा डबा करायचा आहे. तळ आणि झाकण धरून कमीत कमी पत्रा लागला पाहिजे. डबा उंच आणि सडपातळ केला तर बाजूचा पत्रा वाढतो, बुटका आणि पसरट केला तर तळ-झाकणाचा वाढतो. मधे कुठेतरी नेमकं माप आहे. ते शोधणं म्हणजे ऑप्टिमायझेशन. बारावीचं गणित आठवत असेल तर हे उत्तर पेन-कागदावरही निघतं, आणि म्हणूनच मी या लेखासाठी ते निवडलं. नवीन लायब्ररी शिकताना पहिलं उदाहरण असं हवं की ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. मशीन चुकलं तर लगेच कळतं.

लायब्ररी आहे एनएलऑप्ट. एमआयटीतले स्टीव्हन जॉन्सन यांनी ती लिहिली आणि खुली केली. फूरिए रूपांतरासाठी जगभर वापरली जाणारी एफएफटीडब्ल्यू ज्या दोघांनी लिहिली त्यांतले हे एक. एनएलऑप्टचा गाभा सी भाषेत आहे, पण पायथन, ज्युलिया, आर, ऑक्टेव्ह, मॅटलॅब, फोरट्रान अशा अनेक भाषांतून ती वापरता येते. तिचं खरं मोल असं की वेगवेगळ्या संशोधकांनी गेल्या काही दशकांत लिहिलेले अल्गोरिदम तिने एकाच साच्यात बसवले आहेत. प्रश्न एकदा लिहायचा आणि एका शब्दाच्या बदलात दुसरा अल्गोरिदम लावून बघायचा. ही सोय किती मोठी आहे हे पहिल्यांदा वापरताना जाणवत नाही. एखादं उत्तर पटेनासं झालं की मग जाणवतं.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा आणि प्रोग्रॅमच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये आणि फाईलमध्ये त्या रोमन अक्षरांत, शक्यतो सगळ्या लहान अक्षरांत टाईप करायच्या. अल्गोरिदमची नावं मात्र सगळी मोठ्या अक्षरांत असतात. लायब्ररीचं नाव टाईप करताना एन, एल, ओ, पी, टी ही पाच अक्षरं सलग, मधे जागा न सोडता. पायथन ३ मध्ये चलांना देवनागरी नावं खरोखर चालतात, त्यामुळे खालच्या प्रोग्रॅममधले ‘त्रिज्या’ आणि ‘उंची’ हे शब्द तुम्ही आहेत तसे लिहू शकता. आकडे मात्र रोमनच लागतात.

संगणक उघडण्याआधी

पाच गोष्टी कागदावर लिहा. काय बदलता येतं, काय कमी किंवा जास्त करायचं आहे, कुठल्या अटी मोडता येत नाहीत, प्रत्येक चलाची खालची-वरची मर्यादा किती, आणि शोध कुठून सुरू करायचा. आपल्या डब्यासाठी बदलता येण्याजोग्या दोनच गोष्टी: त्रिज्या आणि उंची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. कमी करायचा तो पत्रा:

पत्रा = २ × पाय × त्रिज्या × त्रिज्या + २ × पाय × त्रिज्या × उंची

अट अशी की घनफळ १००० घन सेंटिमीटरपेक्षा कमी नको. एनएलऑप्टला अशी प्रत्येक अट ‘अमुक शून्यापेक्षा लहान किंवा शून्याइतकं’ अशा एकाच रूपात द्यावी लागते. म्हणून ती उलटवून घ्यायची:

१ − (पाय × त्रिज्या × त्रिज्या × उंची) ÷ १००० ≤ ०

हे उलटवताना चिन्ह चुकणं फार सोपं आहे, आणि चुकलं तर मशीन कुरकुर न करता शून्य घनफळाचा डबा आनंदाने काढून देतं. त्यामुळे अट लिहून झाली की एक नक्की चालणारं माप तिच्यात घालून बघा. त्रिज्या १०, उंची १० घेतली तर घनफळ ३१४१ च्या पुढे जातं, म्हणजे अटीची किंमत ऋण यायला हवी. येते.

१००० ने भागलं ते का, हाही प्रश्न रास्त आहे. भागलं नसतं तरी गणित तेच राहतं, पण मग अटीची किंमत शेकड्यांत खेळते. अटी एकच्या आसपासच्या आकड्यांत आणून ठेवल्या की अल्गोरिदमला पावलं टाकणं सोपं जातं आणि सूट (म्हणजे अट कणभर मोडली तर किती चालेल) किती द्यायची हे आपल्यालाही समजतं. चलांच्या बाबतीतही तेच. एक चल मायक्रॉनमध्ये आणि दुसरं मीटरमध्ये ठेवून उत्तराची अपेक्षा करू नका.

आणखी एक बारकावा. ‘घनफळ नेमकं १०००’ अशी समानतेची अटही देता आली असती. पण पत्रा कमी करायच्या ओढीने डबा आपोआप १००० ला येऊन टेकणारच आहे. मग ‘कमी नको’ एवढं पुरेसं आहे. समानतेची अट टाळता आली तर टाळावी, कारण एनएलऑप्टमधले मोजकेच अल्गोरिदम ती घेतात.

बसवणं

पायथन असेल तर हे काम पाच मिनिटांचं आहे. आधी स्वतंत्र खोली करा, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट:

पायथन -एम व्हीएन्व्ह डबा

‘डबा’ हे फोल्डरचं नाव, तुम्हाला हवं ते ठेवा. लिनक्स किंवा मॅकवर ती खोली उघडायची आज्ञा ‘सोर्स डबा/बिन/ॲक्टिव्हेट’. विंडोजवर ‘डबा\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’. प्रॉम्प्टच्या डावीकडे कंसात खोलीचं नाव दिसलं की आत आलात. मग:

पायथन -एम पिप इन्स्टॉल एनएलऑप्ट

पिप हे पायथनच्या लायब्ररी बसवायचं साधन. सोबत नमपाय, म्हणजे आकड्यांच्या याद्या हाताळणारी लायब्ररी, आपोआप येतं. नुसतं ‘पिप’ न लिहिता ‘पायथन -एम पिप’ लिहायची सवय लावून घ्या. एकाच मशीनवर तीन पायथन असले की साधं पिप भलत्याच पायथनमध्ये जाऊन लायब्ररी बसवतं, आणि मग ‘इन्स्टॉल तर झालंय, पण सापडत नाही’ हा घोळ सुरू होतो. नव्या डेबियन आणि उबुंटूवर खोली न करता पिप चालवलं तर ते साफ नकार देतं आणि ही पायथन सिस्टिमच्या ताब्यात आहे असं सांगतं. तो नकार मोडून काढायची युक्ती इंटरनेटवर सहज मिळते. ती वापरू नका, खोली करा.

अडचण बहुधा एकाच ठिकाणी येते. पायथनची अगदी ताजी आवृत्ती असेल आणि तिच्यासाठी तयार बांधलेलं पॅकेज अजून आलेलं नसेल, तर पिप मूळ सोर्सवरून बांधायला जातं आणि सीमेक सापडलं नाही, कंपायलर सापडला नाही अशा लांबलचक लाल ओळी ओकतं. त्या वाचत बसण्यापेक्षा एक पायरी जुनी पायथन घ्या. किंवा कोंडा वापरत असाल तर:

कोंडा इन्स्टॉल -सी कोंडा-फोर्ज एनएलऑप्ट

उबुंटूवर सी साठी हवी असेल तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिबएनएलऑप्ट-डेव्ह’, सी++ साठी ‘लिबएनएलऑप्ट-सीएक्सएक्स-डेव्ह’, मॅकवर ‘ब्रू इन्स्टॉल एनएलऑप्ट’.

बसली की नाही हे पाहायला पायथन उघडून ‘इम्पोर्ट एनएलऑप्ट’ करा आणि ‘एनएलऑप्ट.व्हर्जन_मेजर()’ विचारा. २ आलं की झालं.

पहिला प्रोग्रॅम

फाईलचं नाव काहीही ठेवा, फक्त लायब्ररीचंच नाव देऊ नका. दिलंत तर पायथन लायब्ररीऐवजी तुमचीच फाईल आत ओढतो. वर ‘इम्पोर्ट एनएलऑप्ट’ आणि ‘फ्रॉम मॅथ इम्पोर्ट पाय’ लिहा. मग पत्र्याचं फंक्शन:

डेफ पत्रा(बिंदू, ग्रॅड):
    त्रिज्या, उंची = बिंदू
    इफ ग्रॅड.साईझ > ०:
        ग्रॅड[०] = ४ * पाय * त्रिज्या + २ * पाय * उंची
        ग्रॅड[१] = २ * पाय * त्रिज्या
    रिटर्न फ्लोट(२ * पाय * त्रिज्या * (त्रिज्या + उंची))

‘ग्रॅड’ म्हणजे ग्रेडियंट. त्रिज्या जराशी वाढवली तर पत्रा किती वेगाने वाढतो, आणि उंची जराशी वाढवली तर किती, हे दोन आकडे. ज्यांना विकलन आठवतं त्यांना ते वरच्या सूत्रावरून लगेच दिसतील. ग्रेडियंट न वापरणारे अल्गोरिदम रिकामी यादी पाठवतात, म्हणून ती ‘साईझ’ची तपासणी. तिच्यामुळे तेच फंक्शन दोन्ही जातींच्या अल्गोरिदमना चालतं. शेवटी ‘फ्लोट’ गुंडाळलं आहे कारण एनएलऑप्टला उत्तर साधा दशांश आकडा म्हणूनच हवं असतं. एका घटकाची नमपाय यादी परत दिली की ती ‘चुकीचं उत्तर मिळालं’ अशा अर्थाची तक्रार करते.

अटही त्याच घाटाची:

डेफ घनफळ_अट(बिंदू, ग्रॅड):
    त्रिज्या, उंची = बिंदू
    इफ ग्रॅड.साईझ > ०:
        ग्रॅड[०] = −२ * पाय * त्रिज्या * उंची / १०००
        ग्रॅड[१] = −पाय * त्रिज्या * त्रिज्या / १०००
    रिटर्न फ्लोट(१ − पाय * त्रिज्या * त्रिज्या * उंची / १०००)

आता जुळणी:

शोध = एनएलऑप्ट.ऑप्ट(एनएलऑप्ट.एलडी_एमएमए, २)
शोध.सेट_लोअर_बाउंड्स([०.१, ०.१])
शोध.सेट_अप्पर_बाउंड्स([५०, ५०])
शोध.सेट_मिन_ऑब्जेक्टिव्ह(पत्रा)
शोध.ॲड_इनइक्वॅलिटी_कन्स्ट्रेंट(घनफळ_अट, ०.०००००००१)
शोध.सेट_एक्सटोल_रेल(०.०००००१)
शोध.सेट_मॅक्सइव्हॅल(१०००)
उत्तर = शोध.ऑप्टिमाइझ([५, १२])

पहिल्या ओळीतलं एलडी_एमएमए हे अल्गोरिदमचं नाव, त्याबद्दल पुढे. त्यानंतरचा २ म्हणजे चलांची संख्या. अटीपुढचा ०.०००००००१ म्हणजे मघाशी म्हटलेली सूट. चालवल्यावर त्रिज्या ५.४१९३, उंची १०.८३८५ आणि ‘शोध.लास्ट_ऑप्टिमम_व्हॅल्यू()’ ला ५५३.५८ चौरस सेंटिमीटर यायला हवं. उंची बरोबर व्यासाइतकी. हातानेही हेच निघतं: ५०० ला पायने भागून घनमूळ काढलं की त्रिज्या मिळते.

ग्रॅडचा चौकोनी कंस

इथे मी थांबून सांगणार आहे, कारण एनएलऑप्ट पायथनमधून वापरणाऱ्याचा सर्वांत जास्त वेळ याच जागी जातो.

वर मी ‘ग्रॅड[०] =’ आणि ‘ग्रॅड[१] =’ असं लिहिलं. दोन्ही एकदम भरायचे असतील तर ‘ग्रॅड[:] =’ लिहायचं. ग्रॅड या शब्दानंतर चौकोनी कंस हवाच. तो विसरून नुसतं ‘ग्रॅड = यादी’ लिहिलं तर पायथनच्या दृष्टीने काहीच चुकीचं नाही. फंक्शनच्या आत ‘ग्रॅड’ हे नाव एका नव्या यादीला चिकटतं, आणि एनएलऑप्टने भरायला दिलेली मूळ यादी तशीच पडून राहते. एरर नाही, इशारा नाही. शोध कधी सुरुवातीच्याच बिंदूवर थांबतो, कधी भलतीकडे भरकटतो.

माझ्याकडून हे एका स्प्रिंगच्या डिझाइनमध्ये झालं. वजन कमी करायचं होतं. शोध जिथून सुरू केला तिथेच थांबला आणि यशाचा कोड देऊन मोकळा झाला. मी समजलो की हातात असलेलं डिझाइनच उत्तम आहे, आणि तसं बरोबरच्या लोकांना सांगूनही टाकलं. दोन दिवसांनी दुसरा अल्गोरिदम लावून पाहिला तेव्हा वजन सरळ खाली आलं. सगळी चूक त्या एका चौकोनी कंसाची होती. तेव्हापासून मी ग्रेडियंट तपासल्याशिवाय शोध सुरू करत नाही.

तपासणी अशी. एक बिंदू घ्या, म्हणजे त्रिज्या ५, उंची १२. नमपायची शून्यांनी भरलेली दोन घटकांची यादी स्वतः तयार करा, ती ‘पत्रा’ला द्या आणि तिच्यात काय भरलं गेलं ते छापा. पहिला आकडा १३८.२३० यायला हवा, दुसरा ३१.४१६. दोन्ही शून्यच राहिले तर कंस विसरलात. आता त्रिज्या ५ ऐवजी ५.००१ करा. पत्रा ५३४.०७०८ वरून ५३४.२०९० होतो. फरकाला ०.००१ ने भागलं की १३८.२ च्या घरात येतं. आपल्या सूत्राशी जुळलं. तिसऱ्या-चौथ्या अंकात फरक पडेल, तो पावलाच्या आकारामुळे पडतो. पहिल्या दोन अंकांतच फरक दिसला तर सूत्र चुकलं आहे. अटीच्या फंक्शनलाही हीच परीक्षा द्या. पत्र्याचं तपासून अटीचं सोडून देणारे पुष्कळ असतात.

कुठे थांबायचं, आणि थांबला तो का

एनएलऑप्ट स्वतःहून थांबायचं ठरवत नाही. थांबायची एक तरी खूण तुम्ही द्यायला हवी. ‘एक्सटोल_रेल’ म्हणजे चलांमधला बदल प्रमाणात इतका लहान झाला की थांब. ‘एफटोल_रेल’ म्हणजे पत्र्याच्या किमतीतला बदल इतका लहान झाला की थांब. ‘मॅक्सइव्हॅल’ म्हणजे फंक्शन इतक्या वेळा विचारून झालं की थांब, ‘मॅक्सटाइम’ म्हणजे इतके सेकंद. मी पहिल्या दोनपैकी एक आणि मॅक्सइव्हॅल नेहमी जोडीने देतो, म्हणजे काही बिघडलं तरी रात्रभर पंखा फिरत राहत नाही.

थांबल्यावर ‘शोध.लास्ट_ऑप्टिमाइझ_रिझल्ट()’ एक आकडा देतं. तो बघितल्याशिवाय उत्तर पुढे पाठवू नका. ३ म्हणजे किमतीतला बदल लहान झाला म्हणून थांबला, ४ म्हणजे चलांतला. ५ म्हणजे विचारण्याची संख्या संपली, ६ म्हणजे वेळ संपला. हे सगळे आकडे धन आहेत, आणि धन म्हणजे यश असं कागदोपत्री म्हटलं जातं. पण ५ आणि ६ चा अर्थ एवढाच की शोध अर्ध्यावर सोडला. ४ सुद्धा तळ, म्हणजे सगळ्यात कमी किंमत, सापडल्याची हमी देत नाही. पाऊल लहान झालं, एवढंच तो सांगतो. माझ्या स्प्रिंगला ४ च मिळाला होता.

ऋण आकडे म्हणजे बिघाड, आणि पायथनमध्ये ते एक्सेप्शन होऊन येतात. −२ असेल तर काहीतरी चुकीचं दिलं आहे: चलांची संख्या जुळत नाही, सुरुवातीचा बिंदू मर्यादेबाहेर आहे, किंवा समानतेची अट न घेणाऱ्या अल्गोरिदमला ती दिली आहे. −४ म्हणजे दशांशांच्या मर्यादेमुळे पुढे जाता येत नाही. गंमत अशी की −४ ला सापडलेलं उत्तर बहुतेक वेळा चांगलं असतं, पण एक्सेप्शनमुळे ते हातातून जातं. यावर साधा उपाय म्हणजे फंक्शनच्या आतच, आतापर्यंतचा सगळ्यात चांगला आणि अटी पाळणारा बिंदू एका यादीत नोंदवत जाणं.

प्रश्न बदलून बघणं

डब्याचं उत्तर आलं म्हणून काम संपत नाही. खरी मजा इथून पुढे आहे. समजा फडताळातल्या फळीमुळे डबा ९ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. त्यासाठी नवी अट लिहायची गरज नाही, उंचीची वरची मर्यादा ५० ऐवजी ९ करा. मात्र सुरुवातीचा बिंदूही बदला, १२ आता बाहेर पडतो. उत्तर येईल त्रिज्या ५.९४७, उंची ९, पत्रा ५५८.५. उंची जवळजवळ दोन सेंटिमीटरने कापली तरी पत्रा एक टक्कासुद्धा वाढला नाही! किमतीच्या आलेखाची दरी तळाशी सपाट असते, म्हणून. हे कळल्यावर कारखान्यातल्या माणसाला तुम्ही सांगू शकता की माप थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. नुसत्या ५.४१९ या आकड्यापेक्षा ही माहिती जास्त उपयोगाची आहे.

उंचीची मर्यादा परत ५० करा. आता तळ आणि झाकण दुप्पट जाड पत्र्याचे केले तर? सूत्रातला पहिला २ आणि ग्रेडियंटमधला ४, दोन्ही दुप्पट करा. प्रोग्रॅमच्या ‘रिटर्न’ ओळीत सूत्र आवरून लिहिलं आहे, तिथे कंसातली त्रिज्या दुप्पट करा: (२ * त्रिज्या + उंची). ग्रेडियंट विसरलात तर तपासणी पकडेल. उत्तर त्रिज्या ४.३०१, उंची १७.२०५, म्हणजे उंची त्रिज्येच्या चौपट. डबा उंच झाला, जसा व्हायला हवा होता. उत्तर बदलण्याची दिशा आपल्या अंदाजाशी जुळते का, हे प्रत्येक बदलाला बघायचं.

अल्गोरिदम निवडणं

नावाची पहिली दोन अक्षरं सगळं सांगतात. पहिलं एल असेल तर जवळचा तळ शोधणारा, जी असेल तर सगळं मैदान धुंडाळणारा. दुसरं डी असेल तर ग्रेडियंट लागतो, एन असेल तर लागत नाही.

ग्रेडियंट देता येत असेल आणि अटी ‘पेक्षा कमी’ प्रकारच्या असतील तर एलडी_एमएमए. ही स्वीडनच्या क्रिस्टर स्वानबर्ग यांची १९८७ ची पद्धत. एनएलऑप्टमध्ये तिची त्यांनीच २००२ मध्ये सुधारलेली आवृत्ती आहे, जी कुठल्याही चालणाऱ्या सुरुवातीपासून कुठल्यातरी तळाला पोचते. सगळ्यात खोल तळाला पोचते असा त्याचा अर्थ नाही, आणि या दोन गोष्टींत गल्लत करू नये. समानतेच्या अटी असतील तर एलडी_एसएलएसक्यूपी, ही जर्मनीच्या डीटर क्राफ्ट यांची. चलं काही शेकडे होईपर्यंत ती छान चालते. त्यापुढे तिची मेमरी आणि वेळ दोन्ही झपाट्याने वाढतात.

ग्रेडियंट देता येत नसेल, म्हणजे फंक्शनच्या आत दुसरं सिम्युलेशन चालत असेल, तर एलएन_कोबायला (सी, ओ, बी, वाय, एल, ए). केंब्रिजच्या एम. जे. डी. पॉवेल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत दोन्ही प्रकारच्या अटी घेते. अटी नसून फक्त मर्यादा असतील तर त्यांचीच २००९ ची एलएन_बोबायका (बी, ओ, बी, वाय, क्यू, ए) बघा, गुळगुळीत फंक्शनवर ती बरीच वेगवान आहे. १९६५ ची नेल्डर-मीडही इथे आहे, पण मी तिच्याआधी एलएन_एसबीपीएलएक्स लावून बघतो. या सगळ्यांना पहिलं पाऊल किती मोठं टाकायचं ते ‘सेट_इनिशियल_स्टेप’ने सांगता येतं. शोध विनाकारण दूर उडी मारत असेल तर ते करून बघा.

आपल्या डब्यात एलडी_एमएमए च्या जागी एलएन_कोबायला लिहा आणि पुन्हा चालवा. तेच उत्तर यायला हवं. दोन वेगळ्या जातींचे अल्गोरिदम एकाच ठिकाणी पोचले की माझा त्या उत्तरावर विश्वास बसतो, एरवी नाही.

खळगे अनेक असतील तर

डब्याला एकच दरी होती. खऱ्या प्रश्नांना अनेक असतात. सरावासाठी रास्ट्रिजिन नावाचं प्रसिद्ध फंक्शन आहे: प्रत्येक चलाचा वर्ग, त्यातून दहा वेळा कोसाइन (२ × पाय × चल) वजा, अधिक दहा, आणि सगळ्यांची बेरीज. सगळ्यात खोल तळ शून्यापाशी, किंमत शून्य. पण भोवती अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे. दोन चलं घेऊन (३, ३) च्या आसपास सुरुवात केली तर एल जातीचा अल्गोरिदम तिथल्याच खळग्यात बसू शकतो, जिथे किंमत सुमारे १७.९ आहे.

अशा वेळी जीएन_डायरेक्ट_एल लावायचा. याचा मूळ डायरेक्ट अल्गोरिदम १९९३ चा. तो सगळ्या मैदानाचे तुकडे पाडत जातो, म्हणून प्रत्येक चलाला दोन्ही बाजूंनी मर्यादा द्याव्याच लागतात. यातला एक सापळा फारसं कोणी सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी मर्यादा −५.१२ ते ५.१२ अशा समान घेतात. डायरेक्ट पहिलाच बिंदू मैदानाच्या मध्यावर टाकतो, आणि मध्य म्हणजे शून्य, म्हणजे उत्तरच! पहिल्या फटक्यात बरोबर, आणि आपल्याला वाटतं की काय जबरदस्त अल्गोरिदम आहे. मर्यादा −४ ते ६ अशा तिरप्या घ्या, मग खरी परीक्षा होते.

जी जातीच्या अल्गोरिदमना थांबायचं नीट कळत नाही, त्यांना मॅक्सइव्हॅल किंवा मॅक्सटाइमच द्या. मग ते जिथे थांबले तो बिंदू एलएन_बोबायका किंवा एलडी_एसएलएसक्यूपीला सुरुवात म्हणून द्या, म्हणजे शेवटचे अंक घासूनपुसून निघतात. जीएन_सीआरएस२_एलएम सारखे काही अल्गोरिदम यादृच्छिक बिंदू वापरतात. त्यांचं उत्तर पुन्हा तसंच यावं म्हणून ‘एनएलऑप्ट.एसरँड’ला एक आकडा देऊन ठेवा, आणि तो आकडा वहीत लिहा.

सी मध्ये, सोर्सपासून

सोर्स उतरवून घ्या, आत ‘बिल्ड’ नावाचं फोल्डर करा, त्यात जाऊन ‘सीमेक ..’, मग ‘मेक’, मग ‘सुडो मेक इन्स्टॉल’. पायथनचा भागही बांधायचा असेल तर आधी स्विग (सी चा कोड पायथनला जोडणारं साधन) आणि नमपाय हवं. लायब्ररी सहसा यूएसआर/लोकलमध्ये जाते. प्रोग्रॅम कंपाइल होतो पण चालवताना लायब्ररी सापडत नाही असं लिनक्सने म्हटलं तर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ एकदा चालवा. कंपाइल करताना शेवटी ‘-एलएनएलऑप्ट -एलएम’ हवं, आणि ते तुमच्या फाईलच्या नावानंतर. सी मध्ये चौकोनी कंसाचा तो सापळा नाही, पण तिथे ग्रेडियंट नको असेल तेव्हा पॉइंटर नल येतो. तो न तपासता लिहायला गेलात की प्रोग्रॅम जागीच कोसळतो.

कुठे वापरू नये

चलं पूर्णांकच हवी असतील, म्हणजे किती ट्रक, किती पाळ्या, तर एनएलऑप्ट तुमच्या कामाची नाही. उत्तर काढून जवळच्या पूर्णांकात फिरवू नका, त्याने अटी मोडतात. सगळं सरळ रेषेतलं असेल, मग चलं पूर्णांक असोत वा नसोत, तर हाय्स बघा, तीही खुली आहे, एडिनबरो विद्यापीठातून आलेली. चलं हजारोंच्या घरात आणि अटी विरळ, म्हणजे एकेका अटीत थोडीच चलं, असतील तर आयपॉप्ट ही लायब्ररी. आणि सायपाय ही पायथनची गणिती लायब्ररी आधीच बसवलेली असेल, प्रश्न लहान असेल, तर त्यातही एसएलएसक्यूपी आणि कोबायला आहेत. तिथूनच सुरुवात केली तरी चालेल.

स्वतःच्या उत्पादनात घालून विकणार असाल तर परवाना नीट वाचा. एनएलऑप्टचा बराचसा कोड एमआयटी परवान्याखाली आहे, पण लुक्सान यांचे काही अल्गोरिदम एलजीपीएल या जास्त अटींच्या परवान्याखाली आहेत, त्यामुळे सगळी लायब्ररी एकत्र दिली तर एलजीपीएलच्या अटी लागू होतात.